माळवदाची माती

माळवद काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. त्या माळवदानं मला लहानपणापासून छळलं होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर हातभर जाडीची पांढरी माती, हे आमच्या डोक्यावरचं छप्पर. दर उन्हाळ्याच्या शेवटी वर आणखी माती टाकून चोपायची, म्हणजे गळणार नाही. गळायचं ते गळायचंच, ओझं तेवढं वाढायचं. एरवी माती भुरभुरायची, ती नेमकी जेवणाच्या ताटात. एकदा माझ्या उशाशी इंगळी पडली, तेव्हापासून मी अंथरूण झटकल्याशिवाय कधी आडवी झाले नाही. आजही होत नाही.

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. मधली तुळई वाकली. गवंड्यानं खालून नुसतं बघितलं आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "मालक, येत्या पावसाळ्यात ही तुमच्या अंगावर येतीय बघा." आण्णा, म्हणजे माझे वडील, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कशाला लवकर हो म्हणायचे नाहीत. पण त्या तुळईनं त्यांनाही घाबरवलं असावं. पत्रे टाकायचं ठरलं.

गड्यांनी वरून माती ढकलायला सुरुवात केली आणि गल्लीत धुरळ्याचा नुसता लोट उठला. आमची गल्ली म्हणजे बोळच. दोन्हीकडे दारं, मध्ये एक टांगा कसाबसा जाईल एवढी वाट. माती पडत गेली, ढीग वाढत गेला, आणि संध्याकाळी बघते तर आमच्या उंबऱ्यापासून समोरच्या उंबऱ्यापर्यंत टेकडी! माणसं अंग चोरून, भिंतीला पाठ घासत पलीकडे जायला लागली. सायकलवाले सायकल खांद्यावर घेऊन, आम्हाला शिव्या हासडत.

गाढववाला आपण होऊनच आला. अशा लोकांना पडलेल्या घराचा वास येतो की काय कोण जाणे. तो म्हणाला, "उजाडताना गाढवं लावतो, दिवस मावळायच्या आत बोळ साफ."

"टाकणार कुटं?" आण्णांनी विचारलं.

"खड्डा असंल तितं. खाणीत, नायतर ओढ्याला."

झालं. आण्णा एकदम उखडले. "आरं, डोकं फिरलंय का तुजं? ही माती वड्यात टाकतोस? सोनं हाय हे, सोनं! तुज्या गाढवांच्या पाठीवर घालायच्या लायकीची न्हाय ही." तो बिचारा गाढवाचा कान खाजवत उभा राहिला आणि "बरं बरं, ठिवा मग तिजोरीत," म्हणून निघून गेला.

आता आण्णांचंही अगदी चुकीचं नव्हतं. जुन्या घराची पांढरी माती शेतात टाकली की रान उठतं, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गावोगावी जुनी घरं पाडली की लोक गाड्या घेऊन येतात. आणि आण्णा अंगात गिरणीचा सदरा घालत असले, तरी आतून शेतकरीच होते. अक्कलकोटच्या रस्त्यानं थोडं आत गेलं की आमचं गाव. आण्णा तरुणपणीच सोलापूरला आले आणि आपला वाटा त्यांनी धाकट्या भावाच्या नावावर करून दिला. पण रान मनातून गेलं नव्हतं. दुष्काळात भावाची बरीचशी जनावरं गेली, शेण नाही, खत नाही. तेव्हा आण्णांनी ठरवलं, आपल्या घराची माती आपल्या बापाच्या रानात जाणार. काकांना निरोप धाडला. काकांचा उलटा निरोप आला, "उद्या गाडी घिऊन येतो." आण्णांचा चेहरा असा खुलला, की मला त्याही वेळी त्यांचा राग करवला नाही.

पण आमच्या समोरचं घर होतं ना. ते सांगितल्याशिवाय या ढिगाचा अर्थ कळायचा नाही.

तिथं मामा राहायचे. नात्यानं कुणी नव्हेत, गल्लीचे मामा. तेलुगू बोलणारे विणकर. आमच्या गल्लीतले बाकीचे सगळे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला गेले, पण मामांचा हातमाग घरातच, खड्ड्यात पाय सोडून बसायचा, अजून चालत होता. त्या मागाच्या खटखटीवर आम्ही मोठे झालो. त्यांची थोरली मुलगी आणि मी पाटी-दप्तरापासूनच्या मैत्रिणी. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर, त्याला मोजकी रजा, त्यामुळे तारीख इकडची तिकडे होणार नव्हती. आणि मामा ती परकर नेसायची तेव्हापासून म्हणत आले होते की, ही बोहल्यावर उभी राहणार ती माझ्या हातच्या लुगड्यात. बाजारातलं लुगडं तिच्या अंगाला लागू देणार नाही. हळदी अंगाचं, लाल रेशमी काठाचं. रंग तिनं स्वतः निवडला होता, आणि मला निदान शंभरदा ऐकवला होता.

ताणा तयार होता. राहिली होती ती पांजणी. म्हणजे काय, तर लुगड्याचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायचे, त्यांना खळ लावायची आणि ती ओली असतानाच दोन्ही बाजूंनी मोठाल्या कुंच्यांनी विंचरत जायचं. एकेक धागा सुटा आणि कडक झाला पाहिजे, नाहीतर मागावर पटापट तुटतो. हे काम भल्या पहाटे, ऊन-वारा-धूळ उठायच्या आत. त्या वेळी गल्लीतली माणसं आपण होऊन दार लोटून घेतात, कुणी झाडू मारत नाही. शेजारच्या गल्ल्यांत त्यांच्या त्यांच्या विणकरांच्या पाळ्या लागलेल्या, तिथं आयत्या वेळी कोण जागा देणार? मामांना आमचीच गल्ली हवी होती, आणि गल्लीच्या बरोब्बर मधोमध आण्णांचं सोनं पडलं होतं.

"उद्या हलतंय की," आण्णा मामांना म्हणाले. मामा हसले. "हलू द्या सावकाश. घराचं काम हाय, वेळ लागतोच."

उद्या गाडी आली नाही. निरोप आला की बैलांना खुरकूत झालंय, परवा येतो. परवाही नाही. एस.टी.नं येणाऱ्या गावच्या प्रत्येक माणसाकडून एकच निरोप, उद्या. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. मी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, गाडीच्या चाकांचा आवाज आला की धावायची, तर ती कुणाची तरी कडब्याची गाडी. घरात बसवेना, उभं राहवेना. आई म्हणायची, "अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? बस की एका जागी." कुठं बसू? वर छप्पर नाही, खाली विटा, चूल पडवीत, आणि दारात तो ढीग. दुपारी वावटळ उठली की ढीग आपला घराघरांतून हिंडून यायचा. भाकरीत माती, दुधात माती, डोळ्यांत माती.

एका संध्याकाळी मी आण्णांच्या अंगावरच गेले. "गाढववाल्याला बोलवा की! लग्न आठवड्यावर आलंय त्यांचं. तुमच्या सोन्यापायी त्यांच्या मागावर कोळ्यानं जाळं धरायची पाळी आलीय."

"तुला काय कळतंय? तोंड आवर," आण्णा म्हणाले. "सख्खा भाऊ हाय माजा. येतो म्हणलाय म्हंजे येणार."

मैत्रीण मात्र थट्टेवारीच न्यायची. दोघी दारात बसलो की म्हणायची, "काळजी करू नको गं, तुझ्या बापाच्या टेकडीवरच मांडव घालू. नवरदेवाला चढून यायला सांगू." असं म्हणून हसायची, आणि हसता हसता माजघरातल्या गप्प मागाकडे तिची नजर जायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटी मामांनी धीर सोडला. म्हणजे बोलून नाही दाखवलं, पण एके पहाटे त्यांनी ढिगावरूनच ताणा ताणायचं ठरवलं. आधाराचे लाकडी घोडे ढिगाच्या माथ्यावर रोवले. माती उडू नये म्हणून आईनं आणि मी विहिरीवरून पाणी आणून ढिगावर शिंपलं, हात भरून येईपर्यंत. हळदी रंगाचे धागे झुंजुमुंजू उजेडात गल्लीभर ताणले गेले. खळ लागली. मामा, मामी, मैत्रीण, तिचे चुलते, सगळे कुंचे घेऊन चालू लागले. ढिगापाशी आले की धडपडायचे, पाय रुतायचे, तरी चालायचे. अर्धं काम झालं. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

आणि वारं सुटलं. एवढ्या पहाटे कधी सुटत नाही, त्या दिवशी सुटलं. ढीग वरून ओला होता, पण चालून चालून पायांखाली उकरला गेला होता. आतली कोरडी पांढरी माती भसाभसा उठली आणि सगळ्या ओल्या ताण्यावर जाऊन बसली. कुणी ओरडलं, कुणी लुगड्याचा पदर आडवा धरला. त्यानं काय होतंय! बघता बघता हळदी रंग राखेसारखा झाला. मामी तिथंच मटकन खाली बसल्या. मामांनी धाग्यावरून दोन बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाले, "खरखर लागतीय."

नेमके त्याच वेळी आण्णा रातपाळी करून गल्लीत शिरले. हातात जेवणाचा डबा. ते जागच्या जागी थांबले. मामांनी उलट त्यांना वाट करून दिली. मला ते असह्य झालं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा आण्णा. बघा तुमचं सोनं."

आण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "गावाला जाऊन येतो. आज गाडी घिऊनच येतो." डोळ्याला डोळा नव्हता रात्रभर. आईनं मला मागोमाग पिटाळलं. "जा त्यांच्याबरोबर. भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या."

एस.टी.त आण्णा पुटपुटत होते. आज त्याला असं सुनावतो नि तसं सुनावतो. मी मनातल्या मनात त्यात भर घालत होते. गावात पोचलो तर काकांच्या अंगणात दोन बैलं रवंथ करत उभी. तोंडाला लाळ नाही, खुराला जखम नाही. चांगली धट्टीकट्टी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू घाईघाईनं बाहेर आल्या, "बर्री, बर्री, या की दादा, बसा," असं कानडी-मराठी एकत्र बोलत घोंगडं अंथरलं. काका मागून आले, ते खाली बघतच.

"बैलं बरी झाली व्हय?" आण्णांनी विचारलं.

काका घोंगड्याच्या कडेला टेकले.

"मग गाडी जुप की. का पुन्ना उद्या?" आण्णांचा आवाज चढला. मग आण्णा जरा नरमले, म्हणाले, "बरं, चल, आदी रानात जाऊन येऊ. माती कुटं टाकायची ते बघू."

"ऊन लई हाय दादा."

"मला ऊन शिकवतोस व्हय? ऊठ."

काका उठले नाहीत. अंगणातल्या मातीत बोटानं रेघा ओढत म्हणाले, "रान राहिलं न्हाय, दादा. इकलं. दुष्काळात आदी दावण गेली, मग रान गेलं. ही बैलं मालकाची हायती, मी त्यांच्यात गडी हाय. तू माती पाटवतो म्हणलास, तुला काय सांगू? उद्या येतो म्हणलं की तेवढा दिस निघून जायचा."

काकूंनी चहाचे कप आणले होते, ते तसेच हातात धरून त्या दारात उभ्या. मी घरून निघताना एवढं काय काय ठरवलं होतं बोलायचं, त्यातलं एक अक्षर आठवेना. एवढा राग घेऊन आले होते, तो आता ठेवू कुठं, असं झालं. आण्णांनी कप घेतला, चहा प्यायला, कप बशीत ठेवला.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"आदी सांगायचं हुतंस की रं," आण्णा म्हणाले. निघताना काका पाया पडले, तेव्हा आण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या गाडीत आण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. एका वळणावर आमचं रान लागायचं. ते आलं नि गेलं, आण्णांनी मान वळवली नाही. सोलापूरला उतरल्यावर घराकडे न जाता ते तडक गावाबाहेर गाढववाल्याच्या पालापाशी गेले. मी मागं धापा टाकत. गाढववाल्यानं ओळखलंच. "का वं मालक? तिजोरी भरली व्हय?" मग त्याला आण्णांचा चेहरा दिसला असावा. थट्टा तिथंच टाकून त्यानं सरळ विचारलं, "माती कुटं टाकू?"

"कुटंबी टाक," आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाढवं लागली. आण्णांनी कामावर खाडा केला आणि स्वतः घमेल्यानं माती भरून देत राहिले. त्या वयात, त्या उन्हात. मी आणि आईनं मागोमाग झाडलं, पाणी मारलं. दिवस मावळला तेव्हा गल्ली अशी मोकळी झाली की आमची आम्हाला ओळखेना. इकडे मामांनी मातीनं भरलेला ताणा धुवून, वाळवून, तुटलेले धागे गाठून ठेवले होते. त्यात आणखी वेळ गेला. पहाटे पुन्हा पांजणी झाली. मामांनी एक कुंचा आण्णांच्या पुढे धरला आणि म्हणाले, "धरा की. तुमी गिरणीवाले, हात चालतो का बघू." आण्णांनी कुंचा घेतला. मान खाली घालून अख्खी गल्ली चालले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. मागावरच्या जुन्या धाग्यांना नवे धागे एकेक करून सांधण्यातच एक दिवस गेला. मग मामा मागावर बसले ते जेवायलाही धड उठेनात. मांडवाची मेढी गल्लीत रोवली जात होती, पाहुणे उतरत होते, आणि आत खटखट चालूच. मैत्रिणीला हळद लागली. हळदीच्या अंगानं नवरीनं कामाला हात लावायचा नसतो, पण ती सगळ्यांची नजर चुकवून रहाटापाशी बसायची आणि बापासाठी कांड्या भरायची. आडव्या धाग्याची कांडी संपली की मामा न बघता हात मागं करायचे, ती नवी ठेवायची. मी दर तासाला जाऊन वीत लावून मोजायची. मामी मला ओरडायच्या, "मोजू नको गं, मोजलं की वाढत न्हाय."

लग्नाची सकाळ झाली. मुहूर्त पहिल्या प्रहराचा. मामा अजून मागावर. भटजींनी नवरीला आणा म्हणून हाक दिली, दुसऱ्यांदा दिली. तेव्हा मामीनं पेटीतून बाजारातलं एक लुगडं काढलं. अडीनडीला असावं म्हणून कुणी पाहुण्यानं आणलेलं. मामांनी मागाचा धोटा हातात धरला आणि तो तसाच खाली ठेवला. अंगावर सदरा चढवून बाहेर आले, लेकीच्या मागं उभे राहिले. मी मैत्रिणीला नेसवत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ती माझ्या गालाला चिमटा काढून म्हणाली, "तोंड नीट कर. फोटोत वाईट येशील." मग बापाबद्दल हळूच विचारलं, "आप्पा रडले का गं?" मी नाही म्हणाले. खरंच रडले नव्हते.

अक्षता पडल्या. भिवंडीच्या मंडळींना दुपारची गाडी गाठायची होती, त्यामुळे सगळंच घाईघाईत. टांग्यात बसताना तिनं एकदा घराच्या दाराकडे बघितलं, आणि टांगा गल्लीबाहेर गेला. राहिलेल्या माणसांची पंगत मांडवात बसली. आमच्याच दारात, जिथं ढीग होता तिथं. वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. कुणाला भूक नव्हती, तरी जेवत होते.

आणि समोरच्या घरातून खट्-खट् आवाज सुरू झाला.

पंगतीत कुणी कुणाकडे बघेना. वाढपी बुंदीचं ताट घेऊन तसाच उभा. आण्णा भरल्या पानावरून उठले, हात धुतला आणि समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागं. मामा लग्नाच्या सदऱ्यानिशीच खड्ड्यात उतरून बसले होते. हळदी रंग, लाल काठ, सगळं जसं ठरलं होतं तसं.

"आता कशाला, मामा?" आण्णांच्या तोंडून कसंबसं निघालं.

मामांनी मान वर केली नाही. "या की, आत या," ते म्हणाले. "दोन हातच राहिलंय."

त्यांनी सवयीनं हात मागं केला. रहाटापाशी कुणी नव्हतं. आण्णा आत गेले, लेकीच्या जागेवर बसले आणि कांडी भरायला लागले.